मा. पोलीस आयुक्त, नागपूर शहर यांना खुले पत्र: कॅमेरा पोलिसाच्या छातीवर, पण चित्रीकरणाचा ताबा कोणाकडे?

मा. पोलीस आयुक्त, नागपूर शहर यांस,
सविनय नमस्कार.

पोलिसांच्या गणवेशावर लावायच्या कॅमेऱ्यांविषयी, ज्यांना आता सगळेच बॉडी कॅमेरे म्हणतात, मी आपणांस हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवण्याचे कारण असे की, ज्या प्रश्नाची दाद मागायची आहे तो एखाद्या ठाण्याचा किंवा एखाद्या शिपायाचा नाही. मागणी एकच आहे. हा कॅमेरा कोणी आणि केव्हा चालू करायचा, त्यातले चित्रीकरण कुठे आणि किती दिवस ठेवायचे, ते कोणाला पाहता येईल, आणि ऐन वेळी कॅमेरा बंद आढळला तर पुढे काय होईल, हे सांगणारा स्थायी आदेश आपण मराठीत काढावा आणि तो शहरातील प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात लावावा. ज्या पथकांकडे असे कॅमेरे आहेत आणि पुढे ज्यांच्याकडे येतील, त्या सर्वांना तो लागू असावा. कॅमेरे खरेदी करणे हे त्या मानाने सोपे काम आहे. निविदा निघते, माल येतो, वाटपाचा कार्यक्रम होतो. नियम लिहिणे अवघड असते, कारण नियम लिहिला की तो मोडल्याचे दिसते.

मी नागपूरच्या न्यायालयांत फौजदारी वकिली करते. माझ्याकडे येणारे बहुतेक पक्षकार हातगाडीवाले, बांधकामावरचे मजूर, ऑटोचालक, कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारे हमाल आणि भटक्या-विमुक्त समाजातली माणसे असतात. ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि स्वतंत्र भारताने तो 1952 साली रद्द केला, तरी चोरीचा तपास सुरू झाला की पहिले उचलले जातात ते पारधी तांड्यावरचेच, ही गोष्ट विदर्भातल्या कोणत्याही फौजदारी वकिलाला नवी नाही. या माणसांची पोलिसांविरुद्ध तक्रार असते तेव्हा पुराव्याच्या बाजूला काय उभे राहते? एका बाजूला स्टेशन डायरीतली नोंद, गणवेशातल्या तीन-चार साक्षीदारांचे एकसारखे जबाब आणि वैद्यकीय अहवालातले ‘पडल्याने झालेली जखम’ असे शब्द; दुसऱ्या बाजूला एका माणसाचे म्हणणे. अशा वेळी न्यायाधीशांसमोर त्या पाच-दहा मिनिटांचे चित्रीकरण आले, तर ते कोणाच्याही बाजूने झुकलेले नसेल. ते पोलिसाला निर्दोष ठरवील किंवा तक्रारदाराला खरे ठरवील. म्हणूनच मी या कॅमेऱ्यांच्या बाजूची आहे आणि म्हणूनच त्यांच्या नियमांविषयी इतका आग्रह धरते आहे.

कॅमेरा लावला म्हणजे वर्तन आपोआप सुधारते, असा एक समज आहे. त्या समजाला आधार मिळाला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील रिआल्टो या लहानशा शहरातल्या प्रयोगामुळे. 2012-13 मध्ये तिथल्या पोलिसांच्या पाळ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी केली गेली. काही पाळ्यांत कॅमेरे होते, काहींत नव्हते. वर्षभरात बळाचा वापर निम्म्याहून अधिक आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. जगभरच्या पोलीस खात्यांनी त्या आकड्यांवर विसंबून खरेदी सुरू केली. त्यानंतर वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर असाच, पण कितीतरी मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2017 साली आले आणि त्यात कॅमेरा असलेल्या व नसलेल्या पोलिसांच्या वर्तनात नोंद घेण्याजोगा फरक आढळला नाही. रिआल्टोच्या अभ्यासकांपैकी काहींनी पुढे अनेक शहरांतली माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा या कोड्याचा एक धागा हाती लागला. जिथे पोलिसाने प्रत्येक प्रसंगात नियमाप्रमाणे कॅमेरा चालू ठेवला, तिथे बळाचा वापर घटला; जिथे चालू-बंद करणे त्याच्या मर्जीवर राहिले, तिथे तो उलट वाढला.

साहेब, माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनाचे सार त्या एका बटणात आहे. बटणावर मर्जी कोणाची, हे आधी ठरले पाहिजे.

आणि बटण चालू असले तरी तेवढ्याने भागत नाही. मिनियापोलिस शहरात 25 मे 2020 रोजी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलीस अधिकाऱ्याने गुडघा रोवला, त्या वेळी घटनास्थळी असलेल्या पोलिसांचे बॉडी कॅमेरे चालू होते. तरीही पोलीस खात्याच्या पहिल्या निवेदनात, पोलिसांशी संबंध आला असताना प्रकृती बिघडून एका माणसाचा मृत्यू झाला, अशा आशयाचे शब्द होते. खरे काय घडले ते जगाला कळले ते रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मुलीने स्वतःच्या मोबाइलवर घेतलेल्या चित्रणामुळे. पोलिसांकडचे चित्रीकरण त्याच रात्री पोलिसांच्याच ताब्यात होते. ते कोणी पाहून निवेदन लिहिले असते तर ते शब्द लिहिले गेले नसते, किंवा पाहूनही लिहिले असतील तर गोष्ट अधिकच गंभीर आहे. शिकागोत ऑक्टोबर 2014 मध्ये एका 17 वर्षांच्या मुलावर पोलिसाने 16 गोळ्या झाडल्या. मुलगा चाकू घेऊन अंगावर आला, असे पोलिसांनी कागदावर लिहिले. पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्यात तो दूर सरकताना दिसत होता. ते चित्रीकरण लोकांसमोर यायला 13 महिने आणि न्यायालयाचा आदेश लागला, आणि त्या आदेशानंतरच गोळ्या झाडणाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. या दोन्ही शहरांत यंत्र होते, चित्रीकरण होते. ते ज्यांच्या वर्तनाविषयी होते त्यांच्याच कपाटात ते पडून राहिले.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, ठाणेदाराची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा अशी ठिकाणेसुद्धा त्यात मोजून सांगितली आहेत. चित्रीकरण 18 महिने जपावे, तेवढ्या क्षमतेची यंत्रणा मिळत नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही, असे न्यायालयाने लिहिले. देखभालीची जबाबदारी ठाणेदारावर टाकली, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमायला सांगितल्या, आणि मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्यास पीडित व्यक्तीला ते चित्रीकरण जपून ठेवून घेण्याचा अधिकार आहे, असा फलक स्थानिक भाषेतसुद्धा लावावा, असेही बजावले. त्यानंतर पाच वर्षे होत आली असताना, सप्टेंबर 2025 मध्ये, राजस्थानातील कोठडीमृत्यूंविषयीच्या बातमीवरून त्याच न्यायालयाला ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. भिंतीवर पक्क्या बसवलेल्या, वीजजोडणी असलेल्या कॅमेऱ्यांची ही गत असेल, तर गणवेशावर चिमटा लावून अडकवलेल्या आणि एका बोटाने बंद होणाऱ्या कॅमेऱ्याविषयी किती काळजी घ्यावी लागेल, याचा आपण विचार करावा.

आता मुद्द्यांकडे येते. पहिला मुद्दा चालू-बंदचा.

नाकाबंदी, झडती, संशयावरून थांबवून केलेली चौकशी, अटक, ताब्यात घेऊन ठाण्यापर्यंतचा प्रवास, जमाव पांगवणे आणि घरगुती भांडणाच्या फोनवर बीट मार्शलचे पोहोचणे, या प्रत्येक वेळी कॅमेरा चालू असलाच पाहिजे, असे आदेशात असावे. ‘शक्यतो’ आणि ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द त्यात नसावेत. यातला ठाण्यापर्यंतचा प्रवास मी मुद्दाम लिहिला आहे. अटकेचा पंचनामा होतो, कोठडीची नोंद होते. मधला, गाडीतला वेळ मात्र कुठेच नोंदला जात नाही, आणि मारहाणीच्या कितीतरी तक्रारी नेमक्या त्या वेळेविषयी असतात. दुसरी तितकीच नाजूक जागा म्हणजे साध्या वेशातले गुन्हे प्रकटीकरण पथक, ज्याला ठाण्यात सगळे डीबी म्हणतात. गणवेश नाही म्हणून कॅमेरा नाही, असे झाले तर जिथे तो सर्वाधिक लागतो तीच जागा सुटेल. गुप्त पाळत ठेवताना कॅमेरा लावता येणार नाही हे मला समजते; पण पाळत संपून प्रत्यक्ष माणसाला धरण्याची कारवाई सुरू झाली की पथकातल्या किमान एकाने तो लावून चालू केला पाहिजे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 36 अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या नावाची स्पष्ट दिसेल अशी ओळख धारण करावी, असे सांगते. नाव दिसले पाहिजे असे कायदा म्हणत असेल, तर कृतीची नोंद झाली पाहिजे ही अपेक्षा फार मोठी नाही.

काही प्रसंगी कॅमेरा बंद ठेवणेच योग्य असते, आणि तेही आदेशात नेमके लिहावे लागेल. लैंगिक अत्याचाराची पीडिता बोलत असताना तिची संमती विचारल्याशिवाय चित्रण होऊ नये. लहान मुले, रुग्णालयातला वॉर्ड, माहिती देणारा खबऱ्या, आणि पोलिसाचा स्वतःचा जेवणाचा व विश्रांतीचा वेळ यांनाही सूट हवी. पण बंद करताना तोंडाने कारण सांगून ते कॅमेऱ्यातच नोंदवावे आणि मग बटण दाबावे. हा छोटासा नियम पुढचे कितीतरी वाद वाचवील.

दुसरा मुद्दा जपणुकीचा. मला स्वतःला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नागरिकाचा हक्क कोणी जाहीरपणे नाकारत नाही, तो फक्त मुदतीत संपून जातो. समजा, चित्रीकरण 30 दिवस ठेवायचे ठरले. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याप्रमाणे उत्तर द्यायला खात्याला 30 दिवसांची मुदत असते. म्हणजे घटनेच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज करणाऱ्या जागरूक माणसालाही तिसाव्या दिवशी, नियमानुसार आणि कोणाचीही चूक नसताना, ‘सदर चित्रीकरण उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळू शकते. पहिल्या अपिलाला आणखी 30 ते 45 दिवस जातात. माझ्या एका पक्षकाराच्या बाबतीत असेच घडले. शहरातल्या एका नाकाबंदीवर त्याला मारहाण झाल्याची त्याची तक्रार होती, आम्ही चौकातल्या चित्रीकरणाची मागणी केली, आणि उत्तर आले तेव्हा त्यावर नवे चित्रीकरण चढले होते. त्याचे म्हणणे खरे होते की खोटे, हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. त्या नाकाबंदीवरच्या पोलिसालासुद्धा नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 161 या संदर्भात आपण डोळ्यांसमोर ठेवावे. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसाविरुद्ध दावा किंवा खटला आणायचा तर साधारण सहा महिन्यांची मुदत आहे, आणि शासनाची पूर्वमंजुरी असेल तर फौजदारी खटला दोन वर्षांपर्यंत दाखल होऊ शकतो. कायद्याने दाद मागायला सहा महिने दिले असतील आणि पुरावा एका महिन्यात पुसला जात असेल, तर ती मुदत कागदावरच राहते. म्हणून माझी विनंती आहे की, कोणतीही तक्रार नसलेले साधे चित्रीकरण निदान सहा महिने ठेवावे. ज्यात बळाचा वापर झाला, कोणी जखमी झाले, अटक झाली किंवा कोणी तोंडी जरी तक्रार केली, ते सर्व आपोआप वेगळे काढून सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांसाठी सांगितलेल्या 18 महिन्यांपर्यंत, आणि खटला किंवा चौकशी चालू असेल तर ती संपेपर्यंत जपावे. साठवणुकीचा खर्च होतो, हे खरे आहे. कॅमेऱ्यांच्या निविदेत तो खर्च सुरुवातीलाच धरला नाही, तर दोन वर्षांनी यंत्रे असतील आणि त्यांतले काही ठेवायला जागा नसेल.

तिसरा मुद्दा ताब्याचा. पाळी संपल्यावर कॅमेरा चार्जिंगच्या खणात ठेवला की चित्रीकरण थेट मध्यवर्ती सर्व्हरवर जावे. ठाण्यातल्या कोणालाही ते पुसता, कापता किंवा पेनड्राइव्हवर घेता येऊ नये. कोणी, कधी, कशासाठी ते उघडून पाहिले याची नोंद यंत्रणेनेच ठेवावी आणि ती नोंदही पुसता येऊ नये. ही कल्पना माझी नाही, ती कायद्यात आधीच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे आवाजासह चित्रीकरण करणे बंधनकारक आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. म्हणजे पोलिसांनी केलेले चित्रीकरण पोलिसांपाशीच राहू नये, हे संसदेने मान्य केले आहे. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मधील प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलवरून संगणकाने काढलेला ओळखक्रमांक, लिहावे लागते. एका क्षणाचे चित्रीकरण जरी बदलले तरी ते मूल्य बदलते. झडतीच्या चित्रीकरणाला ही शिस्त लागू होते, तर रस्त्यावर थांबवलेल्या माणसाच्या चित्रीकरणालाही ती लावायला हरकत कसली? त्याच कारणासाठी शिपायाच्या खासगी मोबाइलवर केलेले चित्रण हा बॉडी कॅमेऱ्याला पर्याय मानू नये. तो मोबाइल त्याच्या घरी जातो, हरवतो, विकला जातो, आणि त्यातले चित्रण व्हॉट्सअॅपवर फिरू लागले तर त्यात दिसणाऱ्या माणसाची अब्रू जाते.

चौथा मुद्दा, ते पाहण्याचा हक्क कोणाचा? ज्याच्यावर कारवाई झाली तो, तो मरण पावला असेल तर त्याचे जवळचे नातेवाईक, आणि त्यांचा वकील यांना ठरलेल्या दिवसांत ते दाखवले जावे, असे मला वाटते. पोलीस सुधारणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली दिलेल्या प्रकाश सिंग निकालानंतर राज्याने 2014 च्या दुरुस्तीने पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली आहे, विभागीय पातळीवरसुद्धा. प्राधिकरणाने मागितल्यावर किती दिवसांत चित्रीकरण द्यायचे, हे आदेशात आकड्यात लिहावे. कोठडीत मृत्यू झाल्यास राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवावे लागते. त्याच 24 तासांत संबंधित सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण सीलबंद होऊन चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले पाहिजे. आणि एक गोष्ट मी अत्यंत गांभीर्याने मांडते: बळाचा वापर झालेल्या प्रसंगात संबंधित पोलिसाने आपला अहवाल चित्रीकरण पाहण्याआधी लिहावा. आधी पाहून मग लिहिलेला अहवाल चित्रीकरणाशी जुळतोच. तो आठवणीचा जबाब राहत नाही.

ऐन वेळी कॅमेरा बंद आढळला तर काय, याचे उत्तर आदेशात नसेल तर बाकी सगळे लिहून उपयोग नाही. बॅटरी संपली, विसरलो, धक्काबुक्कीत निघून पडला, ही कारणे कधी कधी खरी असतात. बारा-बारा तासांची पाळी आणि त्याहून कमी चालणारी बॅटरी असेल तर दोष शिपायाचा नाही, खरेदी करणाऱ्यांचा आहे, आणि त्याची शिक्षा त्याला होऊ नये. पण कॅमेरा चालू असणे बंधनकारक असताना तो बंद होता आणि त्याच प्रसंगाविषयी तक्रार आली, तर खात्याच्या चौकशीत कारण सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसाची असावी. हाती असू शकणारा पुरावा जो पुढे आणत नाही, त्याच्याविरुद्ध अनुमान काढायला न्यायालय मोकळे असते, हे तत्त्व साक्षीच्या जुन्या कायद्यात होते आणि नव्या कायद्याच्या कलम 119 मध्येही आहे. वाराणसीतल्या एका हॉटेलात झालेल्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली आरोपींना सोडले, त्यामागे पोलिसांनी हॉटेलचे सीसीटीव्ही चित्रीकरण न्यायालयासमोर आणलेच नाही हे एक मोठे कारण होते. न्यायालयात लागू होणारे तत्त्व खात्याने आपल्या चौकशीत लावले, तर कॅमेरे चालू राहण्याचे प्रमाण किती सुधारते ते आपल्यालाच दिसेल. महिनाअखेरीस ठाणेनिहाय आकडे प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे किती प्रसंगांत कॅमेरा चालू असायला हवा होता, कितींत होता आणि न चालण्याची कारणे काय होती, हे लोकांना समजेल.

पोलिसांच्या बाजूविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. न्यायालयाच्या आवारात रोज भेटणारे हवालदार आणि सहायक फौजदार माझ्याशी मोकळेपणाने बोलतात, आणि त्यांची भीती मला पूर्ण समजते. त्यांना वाटते की, हा कॅमेरा वरिष्ठांच्या हातात आणखी एक काठी देईल. चहाला किती वेळ थांबलास, कोणाशी काय बोललास, हे शोधायला तो वापरला जाईल. तसे होता कामा नये. तक्रार, बळाचा वापर, किंवा आधीच ठरलेली नमुना-तपासणी या तीन कारणांवाचून कोणत्याही वरिष्ठाने कनिष्ठाचे चित्रीकरण धुंडाळू नये, आणि तेही आदेशातच लिहिलेले असावे. याउलट रात्रीच्या नाकाबंदीवर महागड्या गाडीतला माणूस उतरून ‘मी कोणाचा माणूस आहे ठाऊक आहे का’ असे विचारतो, फोन लावून देतो, आणि दुसऱ्या दिवशी बदलीची धमकी येते, तेव्हा त्या शिपायाच्या बाजूने साक्ष द्यायला आज कोण असते? 17 मार्च 2025 च्या रात्री महाल आणि हंसापुरी भागांत दंगल उसळली, तेव्हा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यांसह तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. दगड कोणी मारले, कोणाच्या अंगावर कोण धावून गेले आणि कोण केवळ घराच्या दारात उभा होता, हे वेगळे करण्याचे काम त्यानंतर किती दिवस चालले, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. दोन्ही बाजूंच्या निरपराधांना त्या रात्रीच्या चित्रीकरणाची गरज होती.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. आपल्या शहरात चौकाचौकांत मिळून तीन हजारांहून अधिक कॅमेरे आहेत. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तयार करणारी राज्य शासनाची ‘मार्वल’ ही संस्थाही 2024 पासून नागपुरातच आहे. उद्या प्रत्येक शिपायाच्या छातीवरचा कॅमेरा चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेला जोडला गेला, तर पोलिसांना उत्तरदायी करण्यासाठी आणलेले साधन मोर्चात चालणाऱ्या प्रत्येकाची यादी करणारे साधन होईल. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, शेतमजूर हे सनदशीर मार्गाने आपले म्हणणे मांडायला इथे येतात. त्यांचा चेहरा कुठल्या नोंदवहीत चढला आहे, ही भीती त्यांच्या मनात असू नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले आहे. बॉडी कॅमेऱ्याचे चित्रीकरण विशिष्ट गुन्ह्याच्या तपासाबाहेर चेहरे जुळवण्यासाठी वापरले जाणार नाही, असे एक वाक्य स्थायी आदेशात असले पाहिजे. ते नसेल तर मी आणि माझ्यासारखे अनेक जण या कॅमेऱ्यांना विरोध करू.

नागरिकाने पोलिसाचे चित्रण करण्याविषयीही आदेशात दोन ओळी असाव्यात. वर्ध्याच्या एका ठाण्यात झालेल्या चित्रणावरून शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने 2022 साली तो रद्द केला, आणि पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले प्रतिबंधित ठिकाण नाही, असे स्पष्ट केले. हा निकाल खाली चौकीपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. अजूनही मोबाइल हातात धरलेल्या माणसाच्या हातून तो हिसकावला जातो. पोलीस आपले चित्रण करीत असताना नागरिकाने त्यांचे केले, तर त्यात अडथळा कसला, हे एकदा आपल्या सहीने खाली कळवले गेले तर बरेच तंटे टळतील.

शेवटी अधिवेशनाच्या बंदोबस्ताविषयी, कारण त्याला तारीख आहे. दर हिवाळ्यात विधिमंडळ नागपुरात भरते आणि इतर जिल्ह्यांतून मोठा फौजफाटा शहरात येतो. ते पोलीस आपल्या हुकमतीखाली काम करतात, पण शहराला त्यांची नावे ठाऊक नसतात आणि बंदोबस्त संपला की ते आपापल्या जिल्ह्यात परततात; नंतर तक्रार आली तर नेमक्या कोणाविरुद्ध, हेच ठरवता येत नाही. 23 नोव्हेंबर 1994 रोजी अधिवेशन चालू असताना मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे गेली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. लाठीमाराचा हुकूम कोणी दिला, कठडे का उघडले गेले नाहीत, सूचना वेळेत कोणापर्यंत पोहोचली, या प्रश्नांवर पुढे चौकशी आयोग बसला, खंडच्या खंड साक्षी झाल्या, आणि आजही त्या समाजातली वडीलधारी माणसे ते प्रश्न विचारतात. म्हणून मोर्चाच्या मार्गावर असलेल्या प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाकडे, मग तो कोणत्याही जिल्ह्यातला असो, चालू कॅमेरा असावा. बळ वापरण्याचा तोंडी हुकूम आवाजासह नोंदला जावा, आणि ते चित्रीकरण त्याच रात्री नागपूरच्या मध्यवर्ती सर्व्हरवर उतरवून घेतल्याशिवाय तुकडी परत पाठवू नये.

येत्या अधिवेशनाआधी स्थायी आदेशाचा मसुदा आपण प्रसिद्ध करावा आणि त्यावर हरकती व सूचनांसाठी नागरिकांना 30 दिवस द्यावेत. तो सोप्या मराठीत असावा, कारण तो ज्या शिपायाने पाळायचा आहे आणि ज्या हमालाला त्याचा आधार घ्यायचा आहे, ते दोघेही मराठीच वाचतात. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर आमच्यापैकी काही वकील प्रत्येक कलमावर लेखी सूचना पाठवतील, आणि त्यावर चर्चेसाठी आपण बोलावल्यास आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
फौजदारी न्यायालयांत काम करणारी एक वकील,
नागपूर